कुरसुराचं नाक टोकदार आणि नवीन कलवरीचं गोल, असं का?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत फॅमिलीला घेऊन विशाखापट्टणमला जाऊन आलो, सोलापुरातून कोणार्क एक्सप्रेस थेट जाते त्यामुळं गाडी बदलायची कटकट नाही, पोरांना घेऊन जायला बरं पडतं. तिथं आर के बीचवर आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी वाळूवर आणून ठेवलीय, म्युझियम केलंय तिचं. आत शिरलो आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. ९१ मीटर लांब आहे पण आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतंय. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोकासारखे दरवाजे, आधी पाय टाकायचा मग डोकं वाकवून अंग आत घ्यायचं. आणि अशा जागेत ७५ माणसं राहायची. नेव्हीतून रिटायर झालेले एक काका माहिती सांगत होते, १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली म्हणाले.

आता प्रश्न असा की माझा मुलगा सहावीत आहे, त्यानं घरी आल्यावर मोबाईलवर आपल्या नेव्हीच्या नवीन कलवरी पाणबुडीचे फोटो शोधले आणि मला विचारलं, पप्पा, जुनीचं नाक जहाजासारखं टोकदार आणि नवीनचं देवमाशासारखं गोल का? जुनीला मागं तीन पंखे आणि नवीनला एकच का? आणि जुनीच्या अंगाला खालून वरून लांबट भोकं आहेत, मग त्यातून पाणी आत जात नाही का? मला एकाचंही उत्तर नीट देता येईना. उद्या सांगतो म्हटलं, त्याला आता आठ दिवस झाले. कुणाला माहिती असेल तर सहावीतल्या पोराला कळेल असं सांगा.

एमआयडीसीवाला

सोपं आहे दादा, जुनी रशियाची आहे, ६० च्या दशकातली. तेव्हा गोल आकार कुणाला माहीतच नव्हता. टेक्नॉलॉजी पुढं गेली तसा आकार सुधारला. तीन पंखे म्हणजे एक बंद पडला तर दुसरा.

जुना_खलाशी

एमआयडीसीवाले भाऊ, राग मानू नका पण गोल आकार माहीत नव्हता हे बरोबर नाही. अमेरिकन नेव्हीनं १९०० साली पहिली पाणबुडी घेतली, हॉलंड तिचं नाव, ती गुबगुबीत माशासारखीच होती. म्हणजे गोल आधी आलं, टोकदार नंतर आलं आणि मग परत गोल आलं. असं का झालं तेच पोराला सांगायला पाहिजे.

मी कुरसुराच्याच जातीच्या बोटीवर नोकरी केलीय, फॉक्सट्रॉट क्लास म्हणतात तिला, इलेक्ट्रिकल ब्रँचला होतो, ८० च्या दशकात. (आम्ही पाणबुडीला बोटच म्हणायचो, शिप कधीच नाही.) तर बाळा, जुन्या पाणबुड्या म्हणजे खरं तर वेळ पडली की बुडी मारू शकणारी जहाजं होती. पाण्याखाली डिझेल इंजिन चालवायला हवा नाही, म्हणून खाली गेलं की बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी संपत आली की वर येऊन डिझेल चालू करून चार्जिंग करायचं. त्यामुळं बोटीचं बरंचसं आयुष्य वरच जायचं. लाटा कापत वर चालायचं तर नाक टोकदारच लागणार, गोल नाक लाटेवर आपटत बसतंय. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची टाईप ७ बोट वर साधारण १७ नॉट (नॉट म्हणजे समुद्रातला वेग, एक नॉट ताशी जवळजवळ पावणेदोन किलोमीटरच्या वर) पळायची आणि पाण्याखाली साडेसात. हे दोन आकडे पोराला पाठ करायला सांगा, सगळं त्यात आहे.

मग रडार आलं, विमानं आली, वर राहिलं की मेलं. जर्मनांनीच युद्धाच्या शेवटी टाईप २१ काढली, ती वरच्यापेक्षा खाली जास्त जोरात पळायची. त्यानंतर अमेरिकेनं १९५३ मध्ये अल्बाकोर नावाची नुसती प्रयोगासाठी बोट केली, एकही शस्त्र नाही तिच्यावर, फक्त पाण्याखालून जायला कुठला आकार चांगला ते बघायला, आणि उत्तर आलं की माशासारखा गोल नाकाचा, मागं निमुळता. फॉक्सट्रॉट या दोन जमान्यांच्या मधली. वर १६ नॉट, खाली १५, जवळजवळ सारखंच. तिच्याकडून दोन्ही कामं करून घ्यायची होती, लांब लांब समुद्र पार करायचा तोही बराचसा वरून, म्हणून नाक जहाजाचं ठेवलं. आणि आताची कलवरी बघा, खाली २० नॉट आणि वर ११-१२. म्हणजे ती खाली राहायलाच जन्मली, वर आली की उलट तिचीच चाल मंदावते.

आपल्याच नेव्हीत हा बदल कधी आला तेही सांगतो. १९८६ मध्ये एकाच वर्षी रशियाकडून सिंधुघोष आली आणि जर्मनीतून शिशुमार आली, दोन्ही गोल नाकाच्या, दोन्हीला एकच पंखा. आम्ही फॉक्सट्रॉटवाले जेटीवर उभं राहून बघत होतो, लहान मुलं नवी सायकल बघतात तसं.

भोकांचं उत्तर: पाणी आत जातंच, जायलाच पाहिजे. बाहेरचं जे दिसतंय ते नुसतं पातळ कवच, आत दुसरा जाड पोलादी नळा असतो त्याला प्रेशर हल म्हणतात, माणसं त्यात. बाहेरच्या कवचात पाणी भरलं की कवचाच्या दोन्ही बाजूला दाब सारखा, ते चेपत नाही. सगळा भार आतला नळा घेतो. २०० मीटर खाली गेलं की नखाएवढ्या जागेवर २० किलोचा दाब, पोराला म्हणावं आधी आपलं नख बघ आणि मग २० किलोची ज्वारीची पिशवी उचलून बघ.

पंख्यांचं उद्या लिहितो, डोळ्याला त्रास होतोय मोबाईलचा.

शेंगाचटणी

काका, काय सांगू तुम्हाला, पोराला वाचून दाखवलं तर त्यानं खरंच ज्वारीची पिशवी उचलायचा प्रयत्न केला. एक विचारू का, बॅटरी बॅटरी म्हणताय ती केवढी असते? त्याला वाटतंय ट्रकच्या बॅटरीसारख्या दहा-वीस असतील.

जुना_खलाशी

ट्रकची बॅटरी नव्हे, एकेक सेल माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा. नवीन कलवरीत ३६० सेल आहेत आणि एकेक ७५० किलोचा. गुणाकार त्यालाच करू द्या. २७० टन होतात. आपल्या भाषेत उसाचे दहा टनी २७ ट्रक, आणि ते सगळं वजन ६७ मीटरच्या बोटीच्या पोटात.

आमच्या बोटीत बॅटरीचा कप्पा राहायच्या जागेच्या खाली. फळी उचलून खाली उतरायचं आणि सेलच्या वर पालथं पडून सरकत सरकत एकेक सेल तपासायचा, हायड्रोमीटरनं आम्ल चेक करायचं, पाणी घालायचं. उतरायच्या आधी घड्याळ, अंगठी, खिशातली चावी सगळं वर ठेवायचं, कारण तिथं एखादी धातूची वस्तू दोन टोकांवर पडली तर तिथल्या तिथं वितळते. चार्जिंग चालू असलं की हायड्रोजन निघतो, त्याचं प्रमाण वाढलं की एक ठिणगी पुरे, म्हणून हवा खेळवायचे पंखे चालूच ठेवायचे आणि मीटरवर डोळा ठेवायचा. आणि समुद्राचं खारं पाणी चुकून बॅटरीत गेलं तर क्लोरीन तयार होतो. आमच्या इन्स्ट्रक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शत्रू बाहेर एक आणि आत तीन, आग, पाणी आणि गॅस. माझे आजोबा बार्शीकडचे शेतकरी, त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, अरे मग विहिरीत उतरल्यागतच की, खाली हवा आहे का नाही ते आधी दिवा सोडून बघायचं. अगदी बरोबर बोलले होते.

चार्जिंगला पूर्ण वर यायला लागू नये म्हणून स्नॉर्केल असतंय, हवेची नळी तेवढी वर काढायची. पण समुद्र खवळलेला असला की लाट नळीच्या तोंडावर येते, झडप आपोआप बंद होते आणि खाली डिझेल तर चालूच, ते मग बोटीतलीच हवा ओढतं. कानात असा दडा बसतो की काय सांगू. झडप उघडली की परत सुटतो. रात्रभर तेच. झोपेतसुद्धा कान मोजत असायचे.

पूर्वभाग_लूम

नमस्कार काका. मी पूर्व भागात राहतो, आमचे स्वतःचे टॉवेलचे लूम आहेत, वडिलांपासून. पाणबुडीतलं मला काही कळत नाही पण आवाजाचं कळतंय म्हणून विचारतो. पाणबुडी शोधतात ती आवाजावरून ना? मग आत एवढी इंजिनं मोटरी चालू असताना तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून काय करतात?

विचारायचं कारण सांगतो. आमच्या कारखान्यात धोट्याचा खटखटाट २४ तास, त्याची सवय झालीय. पण शेजारच्या घरातले म्हणायचे की कानाला त्रास नाही एवढा, पण फळीवरचे पितळी डबे रात्रभर वाजतात. म्हणजे हवेतून जाणाऱ्या आवाजापेक्षा जमिनीतून जाणारा हादरा जास्त लांब जात होता. मग आमच्या जॉबरनं (लूमची दुरुस्ती बघणारा) लूमच्या पायाखाली जाड रबरी पॅड टाकून बघितलं आणि शेजाऱ्यांचे डबे गप झाले. लूमचा आवाज कारखान्यात तेवढाच. पाणबुडीत असंच काही करतात का?

जुना_खलाशी

वा दादा! तुमच्या जॉबरला माझा सलाम सांगा. अगदी हेच करतात. आतला आवाज हवेतून बाहेर जात नाही, मशीनचा हादरा पायातून पोलादाला, पोलादातून पाण्याला. आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीपेक्षा जास्त वेगानं जातो आणि फार लांब जातो. म्हणून नवीन बोटीत प्रत्येक पंप, प्रत्येक मोटर रबरी माउंटवर बसवलेली असते, काही ठिकाणी तर मशीन एका चौकटीवर आणि ती पूर्ण चौकट परत रबरावर. पाइपसुद्धा थेट जोडत नाहीत, मधे लवचिक तुकडा घालतात. कलवरीत ६० किलोमीटर वायर आणि ११ किलोमीटर पाइप आहेत, एकही कुठं घासून वाजायला नको. आम्ही शांत चालायचो तेव्हा स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी कॅप्टनची नजर यायची, बोलायचं पण हळू, हातोडा तर हातातच घ्यायचा नाही.

आता पंख्यांचं. तीन पंखे एक बंद पडला तर दुसरा म्हणून, हे एमआयडीसीवाल्या भाऊंचं चूक नाही, ते एक कारण आहेच. तीन डिझेल, तीन मोटरी, तीन शाफ्ट, आणि मधल्या शाफ्टवर अजून एक छोटी मोटर, अगदी हळू सरकत जायला. पण पंखा जोरात फिरला की पात्याच्या मागं दाब कमी होऊन पाण्यात बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. चहाचं आधण ठेवा आणि उकळी यायच्या आधी कान द्या, भांडं गुणगुणतंय ना? ते तळाला झालेले छोटे बुडबुडे गार पाण्यात येऊन फुटण्याचा आवाज. पंख्याचं पण तसंच. तीन छोटे पंखे जोरात फिरवण्यापेक्षा एक मोठा पंखा सावकाश फिरवला तर बुडबुडे कमी, आवाज कमी. आणि बोट गोल आणि मागं निमुळती असेल तर पाणी चारी बाजूनं सारखं त्या एका पंख्यावर येतं, पात्याला धक्के बसत नाहीत. म्हणून नाक गोल झालं तेव्हाच पंखे पण तिनाचा एक झाले, पोराच्या दोन प्रश्नांचं मूळ एकच.

दीव_ला_गेलो_होतो

विषय निघालाच आहे तर आपल्या खुखरी युद्धनौकेबद्दल कुणीतरी लिहा. मी दीवला गेलो होतो, टेकडीवर स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती आणि समोर समुद्र. तिथं उभं राहून खूप वेळ काही बोलवेना. ९ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तिचं तर कामच पाणबुडी शोधून मारणं होतं, मग उलटं कसं झालं? कराचीवर हल्ला करून आलेली आपली नेव्ही तेव्हा जोरात होती ना.

जुना_खलाशी

याच्यावर लिहायला हात जड होतो. मी तेव्हा शाळेत होतो, पण पुढं नेव्हीत गेल्यावर त्या काळातले सीनियर भेटले, त्यांच्यासमोर खुखरीचं नाव निघालं की मेसमध्ये सगळे गप्प व्हायचे.

तुम्ही कराचीचं म्हणताय ते खरं, ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या मिसाईल बोटींनी कराचीजवळ जाऊन खैबर ही विनाशिका बुडवली, म्हणून तर ४ डिसेंबर नौदल दिन. पण पाणबुडीशी लढणं वेगळं काम आहे. खुखरी टाईप १४ फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १९५८ ला आपल्याकडं आली. ब्रिटिशांनी ही जात पाणबुड्यांविरुद्धच काढली होती पण स्वस्तात आणि भराभर बांधता यावी अशी, १२०० टनांच्या आसपास, एकच पंखा, हलकं अंग. तिचं मुख्य हत्यार लिम्बो नावाची मॉर्टर, पाण्यात बॉम्ब फेकायची, आणि तिचा पल्ला ९०० मीटरच्या आसपास. म्हणजे पाणबुडीला मारायचं तर एक किलोमीटरच्या आत जायला पाहिजे, आणि पाणबुडी मात्र कित्येक किलोमीटरवरून टॉर्पिडो (पाण्याखालून पळत जाऊन फुटणारा बॉम्ब) सोडू शकते. हंगोर फ्रेंच डॅफ्ने जातीची, तेव्हा नवीन होती, कान तीक्ष्ण होते तिचे. त्यात खुखरीवर सोनारच्या (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र) सुधारणेची चाचणी चालू होती, त्यासाठी वेग कमी ठेवला होता.

अजून एक गोष्ट. आपल्याकडं मे महिन्यात होटगी रोडवर दुपारी लांब बघितलं तर डांबरावर पाणी साचल्यागत दिसतंय, कारण तापलेल्या हवेतून येताना उजेड वाकतो. अरबी समुद्रात आवाजाचं तसंच होतं, वरचं पाणी कोमट आणि खालचं गार, त्या दोन थरांच्या मधे सोनारचा आवाज वाकतो. थराखाली बसलेली पाणबुडी वरच्या जहाजाला ऐकूच येत नाही.

हंगोरनं पहिला टॉर्पिडो सोबतच्या किरपाण जहाजावर सोडला तो लागला नाही. दुसरा खुखरीला लागला आणि काही मिनिटांत जहाज गेलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसांना बाहेर काढलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले, महावीर चक्र मरणोत्तर. ६७ जण वाचले.

त्यातून नेव्ही शिकली हे मात्र सांगितलंच पाहिजे. पाणबुडीच्या जवळ जहाज न्यायचंच नाही, हेलिकॉप्टर पाठवायचं. ते वर थांबून दोरीनं सोनार पाण्यात सोडतं, थर ओलांडून पार खाली, आणि टॉर्पिडो पण तेच टाकतं. पाणबुडी त्याला टॉर्पिडो मारू शकत नाही. १९८३ मध्ये गोदावरी आली, आपल्याच लोकांनी डिझाइन केलेली, तिच्यावर दोन सी किंग हेलिकॉप्टर बसायची, फ्रिगेटवर एवढी मोठी दोन हेलिकॉप्टर बघून बाहेरचे लोक चकित व्हायचे. आणि १९८९ ला माझगाव डॉकनं बांधलेल्या कॉर्व्हेटला (फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौका) परत खुखरी नाव दिलं, ती ३२ वर्षं चालली आणि २०२१ च्या डिसेंबरात निवृत्त झाली. नाव पाण्यात राहू दिलं नाही, परत वर काढलं. मला याचं फार वाटतं.

एमआयडीसीवाला

काका माझं चुकलं होतं, घाईत लिहिलं. खुखरीचं वाचून डोळे भरून आले.

जुना_खलाशी

अहो चुकलं काय त्यात, तुम्ही लिहिलं म्हणून मला सांगायला सुचलं.

शेंगाचटणी, पोराला एक प्रयोग करायला सांगा. अर्धा लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, ओली वाळू भरत भरत असं करा की ती पाण्यात आडवी अर्धी बुडून तरंगेल. दोरी बांधून हौदात ओढा आणि पुढं पाण्यावर काय होतं ते बघा. मग अजून वाळू आणि पाणी घालून, हवा राहू न देता, ती पूर्ण बुडवा, टेकत नाही एवढी वर धरून तेवढ्याच वेगानं ओढा. फरक लिहून कळवा.

शेंगाचटणी

काका, रविवारी केला प्रयोग, गच्चीवरच्या हौदात. आठवड्यातून कसंबसं येणारं पाणी त्यात साठवलेलं, बायको आधी ओरडली आणि मग तीच दोरी धरून उभी राहिली.

बाटली अर्धी तरंगत होती तेव्हा ओढली की पुढं पाण्याची घडी पडल्यागत लाट उठायची आणि व्ही आकारात दोन्हीकडं पसरून हौदाच्या भिंतीवर आपटायची. ओढायला पण जोर लागत होता. मग पूर्ण बुडवून ओढली तर वर काहीच नाही. पाणी सपाट. पोरगं म्हणालं, पप्पा, वर असताना निम्मा जोर लाटा बनवण्यातच जातोय, खाली लाटच होत नाही. मी काही सांगितलं नव्हतं त्याला, शप्पथ. मग त्यानं स्वतःच बाटलीचं टोपण पुढं करून ओढली, मग बूड पुढं करून ओढली, वर असताना टोपणाकडून बरी जाते आणि बुडाली की फारसा फरक कळत नाही म्हणाला. वहीत चित्र काढलंय, खाली लिहिलंय, टोकदार नाक लाटेसाठी, गोल नाक खोलीसाठी.

आता त्याचा नवीन प्रश्न असा की देवमासा तर श्वास घ्यायला वर येतो, मग त्याचं नाक गोल का. तुम्ही सोलापुरातच असता ना काका? रविवारी सकाळी कंबर तलावावर फिरायला येत असाल तर त्याला घेऊन येतो, तुम्हीच सांगा.

जुना_खलाशी

सात वाजता येतो. वही आणायला सांगा.